जलाशयाला वळसा घालायचाय? आधी ओढे मोजा

प्रश्न थोडक्यात असा: जंगलाने वेढलेल्या एका मोठ्या जलाशयाभोवती ग्रॅव्हल बाइकवरून, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीच्या जाड टायरच्या सायकलवरून, पूर्ण फेरी मारायची आहे. टायर ४० मिलिमीटरचे, डांबरी रस्त्यावर १०० किलोमीटरची सवय. नकाशात काठाने जाणारी एक वाट दिसते आणि वर जंगलातले कच्चे रस्ते दिसतात. जलाशयाची लांबी बारा-तेरा किलोमीटर, म्हणजे फेरी तीसेक किलोमीटरची. पाण्याकाठची वाट सपाट असणार, तेव्हा दोन तासांत आटपेल. हा हिशेब बरोबर आहे का, आणि मार्ग कोणता निवडावा?

हिशेब चुकलाय. कुठे चुकलाय ते एकदा कळलं की मार्ग निवडण्याचं अर्धं काम तिथेच होतं.

नैसर्गिक तळं बशीसारखं गोलसर असू शकतं, जलाशय सहसा नसतो. नदीचं खोरं अडवलं आणि पाणी ठरावीक उंचीपर्यंत भरलं की त्या पाण्याची कड म्हणजे नकाशावरची एक समोच्च रेषाच, सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी. पूर्वी नदीला मिळणारा प्रत्येक ओढा आता तोंडाशी बुडालेला असतो आणि तिथे पाण्याचं एक बोट, म्हणजे चिंचोळा फाटा, जंगलात आत घुसलेलं असतं. दोन बोटांच्या मधे डोंगराची एक सोंड पाण्यात उतरलेली. अशी बोटं कधी वीस असतात, कधी चाळीस. इंग्लंडच्या उत्तरेकडचा कील्डर जलाशय घ्या. पसारा साधारण १०.८६ चौरस किलोमीटर. एवढ्याच आकाराचं तळं पूर्ण गोल असतं तर त्याचा घेर पावणेबारा किलोमीटर भरला असता. प्रत्यक्षात कील्डरचा काठ ४४ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ पावणेचार पट, आणि काठाने बांधलेली फेरीची वाट ४२ किलोमीटरची. तेव्हा लांबी बघून घेराचा अंदाज बांधू नका. नकाशा मोठा करा आणि बोटं मोजा.

आता सपाटपणाचं. वाट खरोखर पाण्याच्या कडेकडेने, प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत आत आणि पुन्हा बाहेर अशी गेली असती तर ती सपाटच असती. पण वाट बांधणारे तसं करत नाहीत. ओढ्यापाशी ते वाट खाली पुलापर्यंत आणतात आणि पुढची सोंड पाण्याकडेने वळसा घालून न जाता मधूनच ओलांडतात. त्यात अंतर वाचतं, पण प्रत्येक सोंडेला पंधरा-वीस मीटरचा चढ आणि तेवढाच उतार पदरात पडतो. अशा तीस सोंडा धरल्या तर सहाशे मीटर चढाई झाली, आणि तीसुद्धा शंभर-दीडशे मीटर लांबीच्या, दहा-बारा टक्क्यांच्या तुकड्यांत. घाटाचा चढ निदान लय तरी पकडू देतो. इथे लय लागेपर्यंत चढ संपतो, उतारावर कमावलेला वेग ओढ्याच्या आंधळ्या वळणावर ब्रेकमध्ये घालवावा लागतो आणि पुन्हा शून्यातून सुरुवात. काठाची वाट मांड्या संपवते ती अशी.

वरचे जंगलातले रस्ते नकाशात भीतीदायक दिसतात, कारण ते पाण्यापासून शंभरेक मीटर उंचावर असतात. पण जिथे लाकूडतोड चालते तिथे हे रस्ते ओंडक्यांनी भरलेल्या ट्रकसाठी आखलेले असतात. भरलेला ट्रक फार खडा चढ चढू शकत नाही, तेव्हा चढ सहसा दहा टक्क्यांच्या आत, वळणं रुंद, आणि ओढे वरच्या अंगाला अरुंद असल्यामुळे ते मोरीवरून सरळ ओलांडलेले. एकदा वर चढलात की दहा-बारा किलोमीटर जवळपास एकाच उंचीवरून जाता येतं. एकूण चढाईची बेरीज केली तर कित्येकदा ‘डोंगरातला’ रस्ता ‘पाण्याकाठच्या’ वाटेपेक्षा कमी भरतो. पहिल्यांदा हा आकडा पाहिला तेव्हा मला सायकलचा संगणक बिघडलाय असंच वाटलं होतं.

चढाईचा आकडा बघतानाही जपून. मार्ग आखणाऱ्या अनेक सेवांमागे फेब्रुवारी २००० मधल्या अकरा दिवसांच्या अंतराळ मोहिमेतली रडारची उंची-माहिती असते, साधारण तीस मीटरच्या चौकटींत मोजलेली. दाट जंगलात रडारची लाट जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, फांद्यांच्या थरातूनच परतते. शिवाय वाट तीन मीटरची आणि चौकट तीस मीटरची. चाळीस टक्के उताराच्या डोंगरकडेला वाट चौकटीभर बाजूला सरकली तर उंचीत बारा मीटरची चूक होते. मग चढ-उताराचा आलेख करवतीसारखा दिसतो, किंवा ते दात घासून काढताना सेवा तुमचे खरेखुरे छोटे चढही घासून टाकते. काठाच्या वाटेच्या बाबतीत आलेखापेक्षा बोटं मोजून वीसने गुणणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

आता मार्गाबद्दल. पूर्ण काठाची फेरी पहिल्या खेपेला करू नका. एक बाजू खालून, दुसरी बाजू वरून, असा मार्ग आखा. कोणती बाजू खालून घ्यायची हे ऊन ठरवतं. उत्तर गोलार्धात जलाशयाच्या दक्षिण काठावरचा डोंगर उत्तरेकडे तोंड करून असतो. तिथे ऊन तिरपं आणि थोडाच वेळ येतं, त्यामुळे पावसानंतर काठाची वाट दिवसेंदिवस वाळत नाही, लाकडी पुलांवर शेवाळ धरतं. त्या बाजूला वरचा खडीचा रस्ता घ्या आणि उन्हाची बाजू खालून करा. दोन्ही बाजूंना ऊन सारखंच असेल तर जिकडे बोटं कमी तिकडे खालून.

पण त्याआधी फेरी खरोखर पूर्ण होते का ते तपासा. जलाशय सहसा दोनच ठिकाणी ओलांडता येतो, धरणापाशी आणि नदी जिथे आत येते त्या वरच्या टोकाला. धरणाच्या माथ्यावरून सायकल नेऊ देतीलच असं नाही. अनेक धरणांवर माथा बंद असतो आणि रस्ता धरणाच्या खालून, नदीपात्रातल्या पुलावरून जातो. तो पूल ठेंगणा असेल तर सांडव्यातून पाणी सोडल्यावर तोही बंद. भोंगा वाजला आणि पुलावर अजून पाणी दिसत नाहीये, म्हणून निघायचं नाही, पाणी यायला थोडा वेळ लागतो एवढंच. दुसऱ्या टोकाला अडचण वेगळी. नदी तिथे गाळ आणून टाकते, नकाशात जे निळं दिसतं ते वर्षातले कित्येक महिने दलदल असते, आणि पहिला धड पूल फुगवट्याच्या तीन-चार किलोमीटर वर असू शकतो. हे अंतर दोन्ही काठांनी धरायचं असतं. दोन्हीपैकी एक जरी ओलांडणी नक्की नसेल तर फेरीचा हट्ट सोडा, चांगल्या काठाने जाऊन त्याच वाटेने परत या. उलट दिशेने तीच वाट वेगळीच भासते, यात काही कमीपणा नाही.

नकाशा सहसा जलाशय काठोकाठ भरलेला दाखवतो. प्रत्यक्षात पाणी उतरलं की काठावर मातीचा उघडा पट्टा पडतो आणि त्यावरून सरळ जाणाऱ्या वाटा दिसू लागतात, कधी बुडालेला जुना रस्ताही वर येतो. मोह होतो. वरून वाळून भेगाळलेली ही माती दोन-तीन इंचांखाली लोण्यासारखी असते. पुढचं चाक थांबतं, तुम्ही थांबत नाही. पाण्याची आजची स्थिती घरबसल्या बघायची असेल तर युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात. ढग नसतील तर साधारण पाच दिवसांनी नवं चित्र, दहा मीटरच्या बारकाव्याने. त्यात पाणी किती उतरलंय ते कळतंच, पण त्याहून उपयोगाचं म्हणजे जंगलातला नवा तोडलेला चौकोन दिसतो. तिथे ट्रक चालू असणार, रस्ता बंद असू शकतो आणि रस्त्यावर ताजी खडी असणार. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर कच्च्या रस्त्यांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रत दिलेली असते. तीनपर्यंत ४० मिलिमीटरचे टायर आरामात जातात, चारवर जमीन कोरडी हवी, पाच म्हणजे सायकल ढकलणं. मात्र ही प्रत कोणी तरी कोरड्या दिवशी लावलेली असते हे लक्षात ठेवा.

सुटकेच्या वाटांबद्दल जरा लांबण लावतो, कारण इथे मी स्वतः फसलोय. एका फेरीत अगदी पलीकडच्या काठावर, पाण्याच्या एका बोटाच्या टोकाशी, मागच्या चाकात काटकी उडाली. काटकी अंगठ्याएवढी. पेडल अर्धं फिरलं, कट्ट असा आवाज झाला आणि डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा भाग, चेनला लोंबकळत चाकाच्या आऱ्यांत जाऊन अडकला. डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, मधोमध मोडला होता आणि जादा हँगर घरी खणात पडला होता. मान वर केली तर समोर, पाण्यापलीकडे, मी लावलेल्या गाडीचं छप्पर उन्हात चमकत होतं. सरळ रेषेत फार तर सातशे मीटर. मी सायकल ढकलत आलो त्या वाटेने सतरा किलोमीटर चाललो. रात्री घरी नकाशा बघितला तेव्हा कळलं, मी उभा होतो तिथून ओढ्याच्या कडेने सरळ वर चढलो असतो तर सव्वाशे मीटर उंचीवर जंगलाचा रस्ता होता आणि तिथून तीन किलोमीटरवर डांबर.

काठाने जाणाऱ्या माणसाची नजर पाण्याकडे असते, तशी माझीही होती. पण पाण्याकडे वाट नसते, सुटकेची वाट जवळपास नेहमी वर असते. म्हणून निघण्याआधी प्रत्येक चार-पाच किलोमीटरला ‘इथून वर कुठून चढता येईल’ अशी खूण नकाशावर करून ठेवा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. खोऱ्याच्या तळाशी डोंगर आड येतो, नेटवर्क जातं ते नेमकं बोटांच्या टोकाशी. हँगर तर प्रत्येक सायकलला वेगळा लागतो. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेला युनिव्हर्सल हँगर तुमच्या फ्रेमला बसत असेल तर नशीबवान आहात, नाहीतर तुमच्या फ्रेमचा मागवून खोगिराच्या पिशवीत टाका. चेन तोडायचं हत्यार आणि जोडकडीही सोबत. दोन्ही असतील तर हँगर नसतानाही चेन आखूड करून एकाच गिअरवर हळूहळू घरी येता येतं.

सायकलबद्दल थोडक्यात. ४० मिलिमीटर पुरे आहेत. ४५ बसत असतील तर बसवा, पण त्यासाठी थांबू नका. हवा मात्र कमी करा. डांबराची सवय असलेल्या माणसाच्या हाताला कडक टायर बरा वाटतो, पण खडीवर कडक टायर प्रत्येक दगडावर उडतो, आणि उडणारं चाक ना पकड घेतं ना पुढे ढकलतं. वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास असेल आणि टायर ट्यूबलेस असतील तर मागे ३४ आणि पुढे ३१ पीएसआयपासून सुरुवात करा, मग दर खेपेला दोनने उतरवत जा. दगडावर रिम ठणकन आपटल्याचा आवाज आला की परत दोन वाढवा, तो तुमचा आकडा. ट्यूब असेल तर चार-पाच जास्तच ठेवा, नाहीतर दगड आणि रिमच्या मधे चिमटून सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारं सीलंट आतून वाळून गेलेलं नाही ना हे टायर हलवून कानाने ऐका. ताज्या फोडलेल्या खडीच्या कडा काचेसारख्या असतात, मोठा काप सीलंटने बुजत नाही, म्हणून भोकात खुपसायची प्लगची दोरी आणि आतून लावायला जाड ठिगळ जवळ ठेवा.

गिअरचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण हवेपेक्षाही तो महत्त्वाचा आहे. पुढे ४० आणि मागे ४० दाते असा एकास एक गिअर धरा. ४० मिलिमीटरच्या टायरचं चाक एका फेऱ्यात २.२ मीटर जातं, म्हणजे मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी आठ किलोमीटर. सायकलसकट ८५ किलो वजन बारा टक्क्यांच्या खडीच्या चढावर या वेगाने न्यायला सुमारे २४० वॅट लागतात. एकदा दिले जातात, तीस सोंडांवर तीसदा नाही. रस्त्याच्या सायकलचे मोठे गिअर तसेच ठेवले असतील तर पाय जवळजवळ थांबतात, मग उभं राहून जोर लावावा लागतो, आणि उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते खडीत जागच्या जागी फिरतं. खोगिरावर बसून चढता येईल असा, एकास एकपेक्षाही हलका गिअर हवा. पुढे ३० किंवा ३१ आणि मागे ३४ असला तरी चालेल.

चालवण्यात एकच गोष्ट नव्याने शिकायची, रस्ता आडवा वाचायचा. जंगलाच्या रस्त्यावर ट्रकच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात, तिथे बारीक चुरा दाबून घट्ट झालेला असतो. मधल्या उंचवट्यावर आणि कडांना सुटी खडी गोट्यांसारखी साचते. चाकोरीत राहा. दुसऱ्या चाकोरीत जायचं असेल तर सरळ पट्ट्यात, हलक्या हाताने, ब्रेक न लावता जा, वळणावर कधीच नाही. ब्रेक वळणाच्या आधी संपला पाहिजे. पुढचं चाक खडीत घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, मागचं घसरलं तर बहुतेक वेळा हसण्यावारी जातं. पावसाचं पाणी वळवायला रस्त्यात तिरप्या चऱ्या काढलेल्या असतात, त्या काटकोनात ओलांडा. ओल्या लाकडी पुलावर ना ब्रेक, ना वळण, ना पेडलचा जोर. रस्त्यावर पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या लाटा पडल्या असतील तर दोष ट्रकच्या स्प्रिंगांचा नसतो. २००७ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापलेल्या प्रयोगात वाळूवर नुसतं चाक फिरवूनही, स्प्रिंग नसताना, वेग एका मर्यादेपुढे गेला की त्या लाटा उमटल्या होत्या. उपाय एवढाच की अगदी कडेला एखादी वीतभर गुळगुळीत पट्टी सापडते, ती धरा.

ट्रक समोरून आला तर थांबा आणि डोंगराच्या बाजूला उभे राहा. दरीकडची कड भुसभुशीत असते. रस्त्याकडेला रचलेल्या ओंडक्यांवर फोटोसाठी चढू नका, ती रास कशानेही बांधलेली नसते. चालणारे दिसले की लांबूनच घंटी वाजवा, घोडेस्वार दिसला तर घंटीऐवजी तोंडाने बोला. माणसाचा आवाज आला की घोडा बुजत नाही.

पाण्याचा मुद्दा विचित्र वाटेल, कारण दिवसभर पाणी शेजारीच असतं. पण उन्हाळ्यात याच बोटांच्या टोकाशी, जिथे पाणी साचून तापतं, तिथे निळं-हिरवं शेवाळ धरतं. कडेला सांडलेल्या हिरव्या रंगासारखं दिसतं. त्यातलं विष उकळून जात नाही आणि साध्या गाळणीने अडत नाही. अडीच-तीन लिटर पाणी घरूनच न्या. भरायचंच झालं तर वरच्या रस्त्यावरच्या वाहत्या ओढ्यातून गाळून भरा, तोही वर गुरं किंवा वस्ती नसेल तर. पिण्याच्या पाण्याचा जलाशय असेल तर त्यात सायकल धुवायची नाही हे सांगायला नको. टायरचा चिखल मात्र निघायच्या ठिकाणीच काढा. फायटोफ्थोरासारखे झाडांचे रोग मातीबरोबर एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात.

कोणत्या दिशेने फिरायचं? वारा बघा. जंगलात वारा कळत नाही, धरणाच्या माथ्यावर आलात की पाण्यावरून मोकळा धावत आलेला वारा एकदम अंगावर येतो. उघडा पट्टा शेवटी, वारा पाठीशी असेल अशी दिशा घ्या. काठाची वाट आधी, पाय ताजे असताना, आणि वरचा रस्ता नंतर. वरून सुटकेच्या वाटा जास्त असतात आणि थकवा येतो तो उत्तरार्धातच.

वेळेचा माझा ढोबळ हिशेब असा: खडीवर ताशी अठरा किलोमीटर, आणि वर प्रत्येक शंभर मीटर चढाईला सहा मिनिटं. तुमचा जलाशय, एक बाजू खालून आणि एक वरून, दोन्ही टोकांची ओलांडणी धरून पंचेचाळीस किलोमीटर आणि साडेसहाशे मीटर चढाईच्या घरात जाईल. म्हणजे अडीच तास अधिक चाळीस मिनिटं, शिवाय फाटकं उघडणं, नकाशा बघणं, पाणी पिणं यांचा वेगळा पाऊण तास. चार तास धरून निघा. यात पंक्चर धरलेलं नाही.